तिसऱ्या अंकातली हाक

मंदाकिनीबाईंनी भाकरीचा तुकडा पोपटच्या तोंडावरून ओवाळला आणि घरात टाकला.

अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या बायका हसल्या. दिग्दर्शक प्रभाकरने हात वर करून कॅमेरा थांबवला.

"काय झालं?"

"इडापिडा घरात घेतली ना बाईंनी," त्यांतली हौसाबाई म्हणाली. "तुकडा भायेर टाकतात. मानूस घरात, पीडा भायेर."

मंदाकिनीबाई कितीतरी चित्रपटांत आई झाल्या होत्या. त्यांनी पदराला बोटं पुसली.

"आमच्यात औक्षण करतात. हे मला आधी कुणी सांगायला नको?"

प्रसंग साधा होता. नायक, म्हणजे पोपट, शिक्षा भोगून गावी परत येतो. आई दारात त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकते, पायांवर पाणी घालते. घर कोपरीतलं, राहतं होतं. उंबरा उंच आणि सकाळचं ऊन सरळ दारात, म्हणून प्रभाकरने ते निवडलं होतं. कोणतं घर ते पोपटला त्याच सकाळी गाडीत कळलं. त्याने मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

घर रखमाबाईचं होतं. तिचा मुलगा गोविंदा पोपटच्या हातून मेला होता.

देश स्वतंत्र झाला त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. पोपट कल्याणहून इथल्या मिठागरावर कामाला यायचा. गोविंदा त्याच्या जोडीला होता. दुपारचं जेवण दोघांचं याच घरात व्हायचं. घराच्या मागच्या दारातून मिठागराचा बांध दिसे. तहान लागली की गोविंदा बांधावरूनच हाक मारी. आतून ओ येई आणि पाठोपाठ रखमाबाई तांब्या घेऊन येई. एका दुपारी खाडीचं पाणी आधी कुणाच्या मिठाच्या वाफ्यात घ्यायचं यावरून दोघांचं वाजलं. पोपटच्या हातात फावडं होतं.

ठाण्याच्या तुरुंगात तो अक्षरं शिकला. गणपतीत कैद्यांनी नाटक बसवलं, त्यात त्याला मरणाऱ्या पोराचं काम मिळालं. मरताना 'हाय' म्हणायचं असं ठरलं होतं. पोपटने त्याऐवजी आईला हाक मारली. पुढे बसलेले शिपाईसुद्धा गप्प झाले. पाहुण्यांत कल्याणच्या एका नाटक मंडळीचे मालक होते. पोपट सुटला तेव्हा त्यांनी त्याला बोलावून घेतलं. ती हाक नव्या नाटकाच्या तिसऱ्या अंकात आली आणि नाटक चाललं. मालकांनी ती लांबवायला लावली, शेवटी आवाज चढवायला लावला. लोक त्या हाकेसाठी पुन्हा तिकीट काढत. मग चित्रपट आले. तुरुंगातून रंगभूमीवर आलेला नट म्हणून पोपटचे फोटो छापून आले. मेलेल्या माणसाचं नाव त्यात कुठे नव्हतं.

त्या सकाळी गाडीतून उतरल्या उतरल्या कोपरीतल्या सुना त्याच्याभोवती जमल्या होत्या. बहुतेक लग्न होऊन अलीकडे आलेल्या. त्यांना त्या दुपारचं काही ठाऊक नव्हतं.

"ती हाक मारून दाखवा ना, पोपटराव."

"एकदाच. आमच्या घरच्यांनी नाटकाला नेलंच नाय."

प्रभाकर हसून म्हणाला, "मारा हो. गावाचं मन राखायला हवं."

पोपटने मारली. अंगणातल्या अंगणात, थोड्या दबक्या आवाजात, पण नाटकातल्याएवढीच लांब. तरी एकीने डोळ्यांना पदर लावला. घरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला. बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू झाला.

आता मंदाकिनीबाई खुर्चीवर जाऊन बसल्या होत्या. ऊन सरकत होतं. प्रभाकरने घड्याळाकडे पाहिलं आणि दारात उभ्या असलेल्या रखमाबाईकडे वळला.

"आजी, तुम्हीच करता का? फक्त हात दिसतील. चेहरा येणार नाही."

रखमाबाईने पोपटकडे पाहिलं. तो उंबऱ्याबाहेर उभा होता, सुटलेल्या कैद्याच्या कपड्यांत, काखेत गाठोडं. तोंडाला रंग. तो खाली, तिने सारवलेल्या अंगणाकडे बघत होता.

बायकांत हौसाबाई तेवढी जुनी होती, तिला सगळं ठाऊक होतं. ती पुढे आली आणि हळू म्हणाली, "नको करूस तू. दुसरी कुनी करंल."

"माजं घर हाय," रखमाबाई म्हणाली. "दुसरी कशाला?"

ती आत गेली. कंपनीने आणलेल्या भाकरीला तिने हात लावला नाही. स्वतःची, तव्यावरून उतरलेली घेऊन आली. तुकडा मोडला, त्यावर चिमूटभर मीठ ठेवलं. प्रभाकर काही सांगू लागला, पण तिने ऐकलं नाही. पोपटच्या डोक्यापासून पायापर्यंत तिने तुकडा उतरवला, पुन्हा वर नेला, पुन्हा उतरवला. मग त्याच्या खांद्यावरून तो लांब अंगणाबाहेर टाकला. एका कावळ्याने तो उचलला. तांब्यातलं पाणी तिने आधी उजव्या पायावर घातलं, मग डाव्या.

"सुंदर," प्रभाकर म्हणाला. "झालं. आतला भाग स्टुडिओत घेऊ. सामान उचला रे."

दिवे विझले. पोपट मागे वळायला लागला.

"कुटं चालला?" रखमाबाई म्हणाली.

"आजी, झालं काम," प्रभाकर म्हणाला. "आत जायची गरज नाही. तेवढंच हवं होतं."

"ओवाळून टाकल्यावर मानूस दारातनं माघारी जात नाय. घराला बाधतं."

"अहो, हा सिनेमा आहे."

"सिनेमा तुमचा. उंबरा माजा हाय."

कॅमेऱ्याजवळचा एक जण हसला. प्रभाकरने पोपटकडे पाहून खांदे उडवले, म्हणजे दोन मिनिटं जाऊन या. पोपटने गाठोडं खाली ठेवलं. उंबरा ओलांडताना तो गरजेपेक्षा जास्त वाकला.

आत अंधार होता. चूल होती तिथेच होती. त्याच्या ओल्या पावलांचे ठसे जमिनीवर उमटले. रखमाबाई थांबली नाही, ती सरळ मागच्या दाराकडे गेली आणि तिने कडी काढली. बाहेर मिठागर होतं. पांढरे ढीग आणि त्यांच्यामधून गेलेला बांध. बांधावर कुणी नव्हतं.

"बस," ती म्हणाली.

तो बसला नाही.

"मावशी, घर मी निवडलं नाही. यांनी ठरवलं."

"माहीत हाय. तू कशाला येशील?"

तिने तांब्या दाराशी ठेवला.

"सकाळी ती हाक मारलीस," ती म्हणाली. "ती कुनाची?"

पोपटच्या कानामागे रंगाची कड घामाने सुटली होती. त्याने ती बोटाने पुसली. बोट लाल झालं, ते तो बघत राहिला.

"नाटकातली आहे," तो म्हणाला.

"नाटकात कुटनं आली?"

बाहेर अंगणात सामान उचलल्याचे आवाज येत होते. कुणीतरी 'पोपटराव' म्हणून विचारलं, दुसऱ्याने 'येतायत' म्हणून सांगितलं.

"गोविंदाची," तो म्हणाला.

रखमाबाईने मान हलवली. ती रडली नाही.

"मी तवा बाजारात गेलेली," ती म्हणाली. "वकील बोलला, गोविंदानं मरताना हाक मारली. तू कोर्टात बोललास, काय ऐकलं नाय."

"हो."

"मग सकाळी मारलीस तशी मारली त्यानं? एवढी लांब?"

"नाही."

"मग कशी?"

कल्याणच्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा आवाज पोपटजवळ होता. तिसरा अंक तो झोपेतही करू शकला असता.

"मारून दाखव," रखमाबाई म्हणाली. "भायेर तोंड करून."

तो मागच्या दारात जाऊन उभा राहिला. बांधाकडे पाहिलं, आणि मग उलट फिरून घराकडे तोंड केलं, बांधावरून घराकडे पाहावं तसं. छाती भरून घेतली नाही. आवाज चढवला नाही. तहान लागल्यावर मारतात तशी, आखूड, थोडी चिडकी, आतून तांब्या येणार याची खात्री असलेली एकच हाक त्याने मारली.

"आये."

रखमाबाईचा हात तांब्याकडे गेला होता.

"ओ," ती म्हणाली.