नळ ऐकणारी खिडकी

०.१

त्या उन्हाळ्यात जायकवाडीचं पाणी तळाला गेलं आणि आईची झोप उडाली. पुंडलिकनगरात नळाला पाणी कधी येईल याचा नेम राहिला नव्हता. पाचव्या दिवशी, आठव्या दिवशी, पहाटे, भर दुपारी. आई तोटी उघडी ठेवून मोरीच्या उंबऱ्याशी बसायची. पाण्याआधी नळातून हवा येते, सुस्कारा टाकल्यासारखी. तो ऐकला तर घागरी, बादल्या, टिपाड भरायचं. नाही ऐकला तर पुढचे कितीतरी दिवस टँकरमागं पळायचं.

बोलता बोलता तिची मान कलंडायची आणि दचकून ती नळाकडं पाहायची.

मी घरी बसून छोटी सॉफ्टवेअर बनवायचो. लग्नाच्या फोटोंना एकदम नावं देणारं एक, टेलरची मापं सांभाळणारं एक. एकट्याचं काम. म्हटलं, हेही करू. जुना माइक नळाला दोऱ्यानं बांधला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर कोपऱ्यात काडेपेटीएवढी खिडकी, तिच्यात राखाडी थेंब. हवा आली की थेंब निळा होणार, घंटी वाजणार. ही पहिली आवृत्ती, ०.१.

"आई, तू झोप. हे ऐकंल."

"त्याला तहान लागती व्हय?" आई म्हणाली आणि बसूनच राहिली.

०.२

शेजारी नवी इमारत चढत होती. फरशी कापायचं यंत्र सुरू झालं. थेंब निळा.

०.३

कुकर. निळा.

०.३, पुन्हा

कुकर.

वर राहणारे घरमालक काकासाहेब जिन्यातून वाकले. "काय सुदर्शन, नळाला ईसीजी लावलाय का? पेशंट जिवंत हाय ना?"

"पेशंट हाय," आई म्हणाली. "डॉक्टरच कच्चा हाय."

०.६

मग मी नुसते आवाज गोळा केले. फरशीचा, कुकरचा, रिक्षाचा, मुकुंदवाडी स्टेशन सोडणाऱ्या गाडीचा. एकेक आवाज प्रोग्रॅमला ऐकवला आणि शिकवलं, हे पाणी नाही. हेडफोन लावून बसलं की भिंती पातळ व्हायच्या. रिकाम्या पाइपातून मी चालत निघायचो. वर नवे रस्ते, नव्या गच्च्या, कोरड्या टाक्या. खाली कुठंतरी, फार लांब, कुणीतरी श्वास घ्यायचं.

हे पाणी नाही. हेही नाही.

०.९

दुपारी घंटी वाजली. थेंब निळा. मी बादली घेऊन धावलो.

नळ कोरडा. त्याच्याखाली भिंतीला गाल टेकून आई झोपलेली. तिच्या श्वासाला बारीक शीळ होती, अगदी नळातल्या हवेसारखी.

घंटीनं ती जागी झाली. "आलं?"

"नाही."

"लागलं होतं की घोट्याला. थंडगार." ती आपल्या कोरड्या पायांकडं पाहत राहिली. "तूच बंद केलंस."

संध्याकाळी आईचा श्वास आणि नळातली हवा, दोन्ही आवाज शेजारी शेजारी ठेवून पाहिले. प्रोग्रॅमला फरक कळेना. श्वास वगळायला सांगितला तर तो पाणीही वगळणार. नाही सांगितला तर आईचा डोळा लागला रे लागला की घंटी तिला उठवणार.

मी वगळायला सांगितला. घंटीही काढून टाकली.

नंतरची एक दुपार

आई उंबऱ्याशी, झोपेत. मी खोलीत, कानात नळाच्या माइकचा हेडफोन. तिचा श्वास येतो, जातो. फरशीचं यंत्र थांबतं. श्वास येतो, जातो. मीही कुठंतरी वाहत जातो, डोळे जड होतात. आणि मग त्या श्वासाच्या मागं आणखी एक श्वास चालायला लागतो. तिच्याबरोबर नाही, किंचित उशिरा. तो थांबतच नाही.

पडद्यावर थेंब राखाडीच.

मी अनवाणी गेलो. तोटीला जुनं धोतर बांधलं आणि त्याचं टोक टिपाडात सोडलं. पाणी कापडावरून उतरू लागलं, आवाज न करता. टिपाड भरलं, घागरी भरल्या, एकेक बादली मी कुशीतल्या बाळासारखी सरकवली. शेवटची जरा जास्तच भरली, उंबऱ्याबाहेर ठेवताना हिंदकळली. पाण्याची एक बोटभर रेघ फरशीवरून निघाली, आईच्या पायांपर्यंत गेली.

झोपेतच तिनं लुगडं घोट्याच्या वर उचललं.