दहिसरच्या शेवंतीची पहार

मी एक जुनी पहार आहे. मित्रांनो, पहार म्हणजे काय, हे तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. माणसाच्या खांद्याइतकी उंच अशी लोखंडाची जाड कांब. तिचं एक टोक अणकुचीदार, दुसरं छिन्नीसारखं चपटं. खड्डा खणायचा, रुतलेला दगड उपटायचा, भिंत पाडायची, की माझी आठवण होते. एरवी मी कोपऱ्यात उभी असते. फुलदाणीसारखं मला कुणी टेबलावर मांडत नाही, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. तुम्हाला माझी कीव यावी म्हणून मी ही गोष्ट सांगत नाही. आम्ही हटलो नाही, एवढंच सांगायचं आहे.

माझा जन्म बोरिवलीच्या एका लोहाराच्या भट्टीत झाला. त्याआधी मी बैलगाडीचा आस होते. गाडी मोडली, चाकं जळणात गेली, पण दहिसर गावठाणातल्या काशीरामने मला टाकून दिलं नाही. त्याने मला लोहाराकडे नेलं. भट्टीत मी लालभडक झाले, माझ्यावर घण पडले, मग मला पाण्यात बुडवलं तेव्हा मी अशी फुत्कारले की लोहाराचं पोरही मागे सरलं. दुखलं नाही असं मी म्हणणार नाही. पण बाहेर आले ती पहार होऊन.

काशीरामची नदीकाठी छोटीशी वाडी होती. वाडीत मंगलोरी कौलांचं, मातीच्या भिंतींचं घर होतं, एक विहीर होती आणि वालाचे, मुळ्याचे, अळूचे वाफे होते. पडवळाचा मांडव घालायचा तर खांबांचे खड्डे मीच खणायचे. केळी लावायची तरी मीच. काम संपलं की काशीराम मला विहिरीवर धुवायचा आणि गोणपाटाने पुसून ठेवायचा. त्याची एकुलती एक मुलगी शेवंती तेव्हा लहान होती. तिला मी उचलत नसे, म्हणून ती मला अंगणभर ओढत न्यायची आणि मातीत रेघ उमटली की टाळ्या पिटायची.

शेवंतीचं लग्न जयवंतशी झालं. जयवंत मूळचा मालवणकडचा, लालबागच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, कामाला. ती चाळीत राहायला गेली. पुढे काशीरामची बायको गेली, मग काशीरामही गेला. घराला कुलूप लागलं.

मित्रांनो, बंद घर फार लवकर म्हातारं होतं. आधी एक कौल सरकतं. तेवढ्यातून पाणी आत येतं, खालची लाकडी रीप कुजते, रीप कुजली की दहा कौलं घसरतात. वाळवी भिंतीतून वर चढली. वाडीत घाणेरीचं रान माजलं. आणि मी? शेजारी काशीरामच्या भावाचा मुलगा सीताराम राहत होता. त्याने मला उचलून नेलं आणि गोठ्यात ठोकून म्हशीचा खुंटा केलं! कित्येक वर्षं मी शेणात उभी होते. म्हैस माझ्यावर मान घासायची. मी गंजले. पण जमिनीत घट्ट रुतून राहिले; त्या म्हशीला मी एकदाही सुटू दिलं नाही. कामात कसूर करायची मला सवय नाही.

मग गिरण्यांचा संप आला. वर्ष उलटलं, दुसरंही उलटत आलं, तरी गिरणीचा भोंगा काही वाजला नाही. त्र्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर एके दिवशी शेवंती आणि जयवंत एक ट्रंक, एक वळकटी आणि एक स्टो घेऊन वाडीत उतरले. चाळीतली खोली त्यांनी धाकट्या दिराला दिली होती. परत जायला जागा नव्हती.

घर बघून जयवंत अंगणातच बसला. म्हणाला, "शेवंती, ह्यां घर नाय गो, वारूळ हा. चल, गावाक जाऊया."

"गावाला काय खायचं? तुझ्या भावांची तोंडं बघत बसायचं?" शेवंती म्हणाली. "हे माझ्या बाबांचं आहे. उभं करू."

ती शेजारी कोयता मागायला गेली आणि गोठ्यात तिची नजर माझ्यावर पडली. तिने आधी म्हशीचं दावं सोडलं, मग मला दोन्ही हातांनी धरून गदगदा हलवलं आणि उपटून काढलं.

सीताराम धावत आला. "अगं शेवंते, काय करतेस? म्हैस सुटली ना!"

"तुझ्या म्हशीला लाकडाचा खुंटा कर, सीतादादा. ही माझ्या बाबांची पहार आहे."

"घे बाई, घे. लोखंडच ते. पण त्या घराला हात लावू नको. अंगावर येईल. विकून टाक, सुखी होशील."

सीतारामच्या या सल्ल्यामागे कारण होतं. त्याने आपली जागा एका बिल्डरला दिली होती आणि त्या बदल्यात नव्या इमारतीत त्याला घर मिळणार होतं. पण इमारतीचा रुंद रस्ता शेवंतीच्या वाडीतून काढायचा बेत होता. तिने विकलं नाही, तर बिल्डरला अरुंद बोळातूनच काम भागवावं लागणार होतं.

शेवंतीने मला विटेने घासलं, खोबरेल चोळलं आणि आम्ही कामाला लागलो.

जुनं घर दुरुस्त करणं म्हणजे काय, ते माझ्याकडून ऐका. त्यांना वाटलं होतं, चार कौलं बदलली की झालं. कौलं काढली तर रिपा हातात भुग्यासारख्या आल्या. रिपा काढल्या तर वासे पोकळ निघाले. वासे उतरवले, तेव्हा कळलं की ज्या भिंतीवर ते टेकले होते तिच्यात वाळवीने बोगदे केलेत. एक दार उघडावं आणि आत तीन दारं बंद दिसावीत, तसं ते काम होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीत मी घुसले, तर आतून ही लांब धामण सळसळत बाहेर आली. जयवंतने मला टाकून जी धूम ठोकली, ती थेट नदीपर्यंत! शेवंती हसून हसून खाली बसली. इथे आल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती.

चुकाही झाल्या. एका गवंड्याने सांगितलं, "मातीचं काय घेऊन बसलात? सिमेंटचा गिलावा मारा, पक्कं काम." त्यांनी मारला. दिसायला झकास दिसलं. पण मातीच्या भिंतीतली ओल आतच कोंडली. गिलावा फुगला आणि पापडासारखा सुटायला लागला. तो सगळा मीच खरवडून काढला. मग शेवंतीने चिकणमाती, भाताचं तूस आणि शेण कालवून बापाच्या पद्धतीने भिंती लिंपल्या. जयवंतचे हात सुताचे, मातीचे नव्हेत. त्याच्या तळव्यांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. तो फारसा बोलत नसे. संपाने त्याच्यातलं बोलणंच नेलं होतं. संध्याकाळी अंगणात बसून तो फक्त म्हणायचा, "गावाक जाऊया गो." आणि सकाळी उठून पुन्हा मला हातात घ्यायचा.

चैत्रापर्यंत घर उभं राहिलं. पुढे मंगलोरी कौलं, मागे सिमेंटचे पत्रे, कारण तेवढी कौलं मिळालीच नाहीत. ठिगळ लावलेलं असलं, तरी ते घर होतं. विहिरीतला गाळ उपसला, वाफे केले, मुळा आणि मेथी उगवली.

त्याच सुमारास सीतारामच्या जागेत ट्रक यायला लागले. बिल्डरने भराव घातला. दगड, माती, पाडलेल्या इमारतींचं डबर. बघता बघता ती जमीन शेवंतीच्या वाडीपेक्षा कमरेइतकी उंच झाली. इमारत होईपर्यंत सीताराम राहत होता ते त्याचं जुनं घर तेवढं कडेला खालीच राहिलं. वाडीच्या कडेने एक जुना वहाळ नदीला जाऊन मिळत असे. सगळ्या गावठाणाचं पावसाचं पाणी त्यातून वाहून जायचं. तो वहाळही भरावाखाली गेला.

शेवंती सांगायला गेली. सीताराम म्हणाला, "मी काय करू? पाणी भरलं, तर तुला आपोआप कळेल काय करायचं ते."

आषाढात पाणी भरलं. वाट न मिळालेलं पाणी वाफ्यांवर चढलं, अंगणात आलं आणि मागच्या भिंतीला टेकलं. मित्रांनो, मातीची भिंत पडताना मोठा आवाज होत नाही. ती थकलेल्या माणसासारखी खाली बसते. भरदुपारी, शेवंतीच्या डोळ्यांदेखत, तिने स्वतः लिंपलेली भिंत तशी बसली. वरचे पत्रे तिरके लोंबकळले.

शेवंती गुडघाभर पाण्यात नुसती उभी राहिली. मला वाटलं, संपलं. आता जयवंत ट्रंक उचलणार.

जयवंत आला. त्याने ट्रंककडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने मला उचललं आणि विचारलं, "खंय होतो तो व्हाळ? माका दाखव."

शेवंतीने बोट दाखवलं. तो भरावावर चढला आणि त्याने मला सगळ्या ताकदीने खाली हाणलं. मी डबरात घुसले. माझ्याखाली विटा फुटत होत्या, दगड सरकत होते. शेवंती घमेल्याने माती ओढत होती. बिल्डरचा मुकादम चंद्रप्रकाश छत्री घेऊन धावत आला.

"ए, बंद कर! कोणाला विचारून खोदतोस? पोलीस बोलवू काय?"

"बोलव ना!" शेवंती गरजली. "सगळ्यांना बोलव. वहाळ कुठे होता ते त्यांच्यासमोरच सांगते."

"इथे वहाळ-बिहाळ काही नव्हता," सीताराम मुकादमाच्या मागून म्हणाला. तोवर आजूबाजूची माणसं जमली होती, पण कुणी तोंड उघडेना.

तेवढ्यात सीतारामची बायको वनमाला घरातून बाहेर आली. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. ती म्हणाली, "होता. इथेच होता. लग्न होऊन आले तेव्हापासून मी याच वहाळावर कपडे धुतले."

"तू घरात जा," सीताराम खेकसला.

"कुठल्या घरात जाऊ? चूल पाण्यात आहे."

तिने पदर खोचला, खाली वाकली आणि एक मोठा दगड उचलून बाजूला टाकला. मग गर्दीतली शेवंतीच्या ओळखीची एक बाई पुढे आली. तिच्यामागून आणखी काहीजण आले. मुकादम छत्री धरून नुसता बघत राहिला. मी आणखी खोल गेले, आणि एका मोठ्या धोंड्याखाली रुतले. जयवंत माझ्या टोकावर लोंबकळला, शेवंतीही लोंबकळली. धोंडा हलला, कलंडला आणि पाण्याला वाट सापडली. गढूळ लोंढा गर्जत नदीकडे सुटला. जयवंत त्या चिखलातच बसला आणि मोठमोठ्याने हसायला लागला.

सारं गावठाण उठलं म्हटल्यावर बिल्डरने मुकाट्याने तिथे रुंद सिमेंटचे पाइप टाकून दिले. पडलेली भिंत काही परत आली नाही. तिच्या जागी खाली दगड आणि वर विटा अशी नवी भिंत उभी राहिली. भिंतीबरोबर कोसळलेली मागची पडवी मात्र गेली ती गेलीच. जयवंतची कंबर अजून दुखते. पण तो वाफे करतो आणि शेवंती स्टेशनाबाहेर भाजी विकते. तिथे ती सगळ्यात मोठ्याने ओरडते. सीताराम आता नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. अळू मात्र वनमाला शेवंतीकडूनच नेते.

परवा बिल्डर स्वतः गाडीतून आला होता. गोड माणूस. हात जोडून म्हणाला, "बाई, सगळीकडे इमारती झाल्या. तुमचं हे एकच घर मध्ये उरलंय. किती वर्षं थांबू आम्ही?"

शेवंती माझ्यासह अंगणात खड्डा खणत होती. तिने कपाळावरचा घाम पुसला, बाजूला ठेवलेलं माडाचं रोप उचललं आणि खड्ड्यात उभं केलं.

"हा माड फळ धरेपर्यंत थांबा, शेठ," ती म्हणाली. "मग शहाळं प्यायला या."

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू पडून असेल. तिला हार घालू नका, तिच्याकडे बघून उसासे टाकू नका. तिची धूळ झटका, तिला तेल द्या आणि कामाला लावा. आणि कुणी म्हणालं की हे आता जुनं झालं, टाकून द्या, तर त्याला माझ्याकडे पाठवा. मी दहिसरला, नदीकाठच्या वाडीत असते. भिंतीला टेकलेली दिसले नाही, तर समजा कुठेतरी खणते आहे.