बिनखिळ्या

शेवटचा खण आत सरकवला, तसा त्याच्यावरचा खण आपसूक बोटभर बाहेर आला. बिनखिळ्या सुतार मांडीवर थाप मारून हसला.

"बघितलंस? आतल्या हवेलासुद्धा पळायला जागा नाही! याला म्हणतात काम."

"बघितलं हो," शिलाई मशीनपाशी बसलेली बायको म्हणाली. तिचं तोंड मात्र खिडकीकडेच होतं.

चाळीस वर्षं त्याने कपाटं केली, पेट्या केल्या, पण लाकडात खिळा म्हणून ठोकला नाही. लाकडात लाकूड असं बसवायचा, की सांधा शोधताना गिऱ्हाइकाच्या नाकी नऊ यायचे. "खिळा मारणं म्हणजे मला जमलं नाही हे चारचौघांत कबूल करणं," असं म्हणायचा. बाकीचे सुतार नाकं मुरडायचे आणि त्याला बिनखिळ्या म्हणायचे. या पठ्ठ्याला ते नाव पदवीसारखं वाटायचं. पुढे पाठीने दगा दिला, दुकान बंद झालं आणि हत्यारं पलंगाखाली गेली.

ती पुन्हा बाहेर निघाली ती बायकोसाठी. तिची नजर दोन वर्षं उतरत चालली होती आणि आता नुसता अंधुक उजेड उरला होता. तोही जाणार, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. तरी ती शिवायची. पायांना मशीन ठाऊक होतं, बोटांना कापड ठाऊक होतं. घोडं अडलं दोऱ्यापाशी. शेजारच्या मास्तरांच्या पांढऱ्या शर्टाला तिने काळ्या दोऱ्याने बटणं लावली. मास्तर बिचारे तसाच शर्ट घालून शाळेत गेले, पण शाळेतली पोरं काय हसली ते तिच्या कानावर आलंच. दोन दिवस तिने मशीनवरचं फडकं काढलं नाही.

"आई, पुरे झालं," मुलगी फोनवर म्हणाली. "रविवारी टेम्पो घेऊन येते आणि मशीन घेऊन जाते. तुला काय कमी आहे?"

"कमी काही नाही गं. पण दिवसभर मी करू काय, भिंती चाचपू?" एवढं बोलून तिने फोन ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला.

सुताराने त्याच दुपारी माळ्यावरची जुन्या दाराची फळी ओढली. चार दिवस रंधा चालला, पटाशी चालली. गुडघ्याएवढं कपाट, सहा खण. वरून पांढरा दोरा, मग काळा, मग रंगीत, मग बटणं, हुक, सुया. मूठ नाही, कडी नाही. खालच्या खाचेत बोट घालायचं आणि ओढायचं.

बायकोने तळहात फिरवला. "अगंबाई, काचेसारखं झालंय की!"

शनिवारी सकाळी तो भाजी घेऊन आला, तर सहाही खण जमिनीवर आणि बायको मध्ये बसलेली. दोन्ही हातांत एकेक रीळ धरून ती खिडकीच्या उजेडाकडे वळली होती.

"यातला काळा कुठला हो?"

"अगं, दुसऱ्या खणातला!"

"दुसरा कुठला ते हाताला कळायला नको? वरपासून खालपर्यंत सगळं सारखंच गुळगुळीत लागतं. चुकून दोन खण एकदम काढले आणि सगळा घोळ झाला." तिने दोन्ही रिळं मांडीवर ठेवली. "तुम्हाला विचारलं तर तुम्ही सांगाल. पण दर दोऱ्याला विचारायचं, तर मग ते माझं काम कसलं? जाऊ द्या. कपाट सुरेखच आहे. माझेच डोळे मेले."

बिनखिळ्याने कपाटाकडे पाहिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! जिला दिसत नाही तिच्यासाठी त्याने नुसतं बघत राहावं असं कपाट केलं होतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. पिशवी तिथेच टाकून तो निघाला.

"गोल डोक्याचे पितळी खिळे दे. आखूड."

दुकानदार त्याचा जुना ओळखीचा. "कोणी मागवलेत?"

"मलाच हवेत."

"आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय!"

घरी येऊन त्याने हातोडी उचलली आणि बराच वेळ नुसती धरून ठेवली. चाळीस वर्षांचा मुरलेला सुतार, पण पहिल्याच घावाला स्वतःचा अंगठा ठेचून घेतला!

"काय ठोकताय हो?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"चूक दुरुस्त करतोय."

रविवारी मुलगी आली. आईने तिला जवळ घेतलं आणि हात दंडावरून मनगटापर्यंत नेला. "बाहीचं बटण लोंबतंय की गं. कुठल्या रंगाची आहे?"

"पांढरी. राहू दे आई, मी—"

आई कपाटाशी बसलीसुद्धा होती. तिचं बोट वरच्या खणावर फिरलं. एक खिळा. खालच्यावर दोन. ती पुन्हा वर आली, खण ओढला आणि पांढरं रीळ काढलं.

मुलगी वाकून बघतच राहिली. एक, दोन, तीन, असे खालपर्यंत चकचकीत खिळे. मग तिला बापाच्या अंगठ्याला बांधलेली चिंधी दिसली.

"बाबा, तुम्ही? खिळे?"

"हल्ली सगळेच वापरतात," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. मुलगी डोळे पुसत त्याला परत पाठवायला गेली.

बायकोने बोटांच्या सवयीने सुईत दोरा ओवला. "एकूण किती ठोकलेत हो?"

"एकवीस."

"आणि त्याआधी, आयुष्यात?"

तिने सुई कापडात टोचून ठेवली, चाचपत त्याचा हात शोधला आणि ठेचलेला अंगठा अलगद मुठीत धरला.