करपलेला लसूणघास

दाराबाहेर.

पोटभर खाऊनही दूध आटत जातं, असं जनावर तुमच्या दारी कधी होतं का? सटाण्याजवळच्या पुंजारामच्या दारी होतं. गाईचं नाव चांदी.

त्र्याऐंशीच्या त्या हिवाळ्यात आभाळ सारखं भरून यायचं. कापलेला लसूणघास वाळायच्या आतच कुजायचा. पुंजारामने डोकं चालवलं. बांधावरच्या गुऱ्हाळात, उसाचा रस उकळायच्या चुलवणापासून जरा लांब पत्रे टाकले आणि त्यांवर घास पसरला. संध्याकाळपर्यंत कडक वाळला, तरी पाला हिरवागार! चांदीचं दूध वाढलं. गडी फुशारला.

दूध वाढायलाच हवं होतं. मुलगा मालेगावला यंत्रमागावर कामाला, आणि सून लताबाई इथे, सातव्या महिन्यात. चेहरा पांढराफटक. पुंजारामला मुलगी नव्हती. सगळा जीव या सुनेत.

मग तेवढ्यावर भागेना. झटपट वाळावा म्हणून त्याने पत्रे जाळाजवळ सरकवले. घास तांबूस झाला, भाजक्या हरभऱ्यासारखा दरवळू लागला. चांदी तर त्यावर तुटून पडायची. आणि दूध रोज कमीच!

"दृष्ट लागली," बायको सगुणाबाई म्हणाली.

"मग तुझीच आसंल. दिसभर तूच बघत बसती तिच्याकडं."

थट्टा केली खरी, पण दुसऱ्या दिवशी तो जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आला.

डॉक्टरांनी चांदीच्या बरगड्यांवरून हात फिरवला. मग गव्हाणीतला चारा मुठीत घेऊन चुरला.

"पुंजाराम, हा चारा आहे की तंबाखू?"

"पोट तर भरतंय की तिचं, सायेब!" म्हणत पुंजारामने पत्र्यांची सगळी हकिगत सांगितली.

"पोट भरतंय. अंगी लागत नाही. अहो, आधी तुम्ही बरोबर केलंत. हलक्या उबेत वाळवलं की पाला गळत नाही. आतला कस गाईच्या पहिल्या पोटात नासत नाही, पुढे जाऊन तिच्या अंगी लागतो. पण तांबूस होईपर्यंत भाजलात, की तोच कस चाऱ्यातच कोंडला जातो. गाय आवडीने खाते आणि शेणावाटे टाकून देते. रिकामं रवंथ नुसतं!"

उंबरा.

हे सगुणाबाईला सांगायला पुंजाराम स्वयंपाकघराकडे धावला. एरवी तो तिथे जात नसे. ओसरीवर बसायचा, ताट बाहेर यायचं. आज उंबऱ्यातच त्याचा पाय थबकला.

लताबाई कढईच्या बुडाची करपलेली पिठल्याची खरवड उचकटून शिळ्या भाकरीशी खात होती.

"हे काय गं, पोरी?"

तिने घाईने पदर सावरला. "काय नाय, मामा. पिठलं खाली लागलं व्हतं. टाकायचं कशाला? पोट भरतंय की."

पोट भरतंय की! हेच तर तो मघाशी डॉक्टरांना म्हणाला होता. बाहेर गाईचं पोट, इथे पोरीचं पोट, आणि तिच्या पोटात आणखी एक जीव!

"सगुणे, हे रोजचं हाय?"

"त्यात काय नवल?" चुलीपुढून सगुणाबाई म्हणाली. "माझ्या सासूनं खरवड खाल्ली, मी खाल्ली, आता ही खाती. बाईची जात चिवट आसती."

"चिवट म्हणून करपलेल्या खरवडीवर जगवायची? खरं सांग, तुला कधी आवडली ती?"

सगुणाबाईने जाळ मागे ओढला.

"कुणी कधी इचारलंच नाय," ती म्हणाली.

चुलीपाशी.

पुंजाराम उंबरा ओलांडून आत आला आणि जमिनीवर बसला. तीन ताटं मांडली. पहिली गरम भाकरी लताबाईला, वर दूध, दुसरी सगुणाबाईला. कढई स्वतःपुढे ओढून त्याने एक तुकडा तोंडात टाकला.

"आयव, लय कडू हाय की गं!"

"आज कळलं व्हय?" सगुणाबाई म्हणाली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

घास पुन्हा हलक्या उबेत वाळू लागला, तसं चांदीचं दूध लवकर सुधारलं. लताबाईच्या गालांवर रंग यायला मात्र वेळ लागला. माणसाची झीज इतक्या पटकन भरून येत नाही.

तेव्हा मंडळी, आपल्या घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं आणि काय जेवतं, हे एकदा उठून बघा. पोट भरलं, एवढ्यावर हात धुऊ नका. खाल्लेलं अंगी लागतंय का, हे विचारणं घरातल्या प्रत्येकाचं काम आहे. आणि ते ओसरीवर बसून होत नाही.