अपात्र डबा

समुद्रपूरच्या बसस्टँडमागे भैय्याजींचं भांड्यांचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागं घर. त्या घरात कौशल्याबाई रोज पहाटे सासूची भूपाळी कानावर पडल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घेत नाहीत. सासूबाई, म्हणजे अनुसयाबाई, जाऊन बरीच वर्षं झाली. पण जाण्याआधीच्या हिवाळ्यात दिराच्या मुलानं, नीलेशनं, त्यांची भूपाळी कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवली होती, ती राहिली.

कॉम्प्युटर म्हणजे तरी काय, पानाच्या डब्याएवढा एक काळा चौकोनी डबा. दुकानात बिलं करायला म्हणून भैय्याजींनी आणला. एक बिल टाइप करायला त्यांना एवढा वेळ लागला की गिऱ्हाईक समोरच्या दुकानातून गंज-पातेलं घेऊन गेलं. मग डबा जुन्या टीव्हीसकट देवघरात आला. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल लागलं, आणि कौशल्याबाईंच्या हिशेबी तो सोवळ्यात गेला. अंघोळ झाल्याशिवाय त्याला कोणी हात लावायचा नाही.

भूपाळीच्या सुरुवातीला अनुसयाबाईंचा खोकला ऐकू येई. मग "सुरू झालं का रे बाप्पा?" मग देवाला उठवणं. आणि देव अर्धवट उठलेला असतानाच मध्येच, "कौशल्या, दूध पाहजो वो." दूध कधीच उतू गेलेलं होतं, ते पातेलंही मोडीत गेलं होतं. तरी कौशल्याबाई रोज त्या जागी मान वळवून शेगडीकडं बघत. मग पाणी पीत. असा तो नेम.

तर एक दिवस डब्यानं पडद्यावर सूचना दिली. तुमच्या जुन्या सिस्टीमची देखभाल आता बंद, नवी घ्या. भैय्याजींनी बटण दाबलं. डब्यानं थोडा विचार केला आणि सांगितलं की नव्या सिस्टीमसाठी हे यंत्र पात्र नाही.

भैय्याजींना हे फार लागलं. देवस्थानच्या कमिटीत त्यांचा अर्जही याच शब्दांत परत आला होता. वर शेजारच्या हरिदासच्या बियाण्याच्या दुकानात नवी सिस्टीम आली होती आणि हरिदास येताजाता तिचं नाव घेत असे.

"आपल्या घरातल्या वस्तूले अपात्र म्हनते," ते नीलेशला फोनवर म्हणाले. "देवघरात रायते ते. काही लाजशरम?"

नीलेशचं वर्ध्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तो म्हणाला, "टेन्शन नका घेऊ काकाजी. जुगाड करतो."

दोघांनी दिवस निवडला तो वैशाखातल्या संकष्टीचा. त्या दिवशी कौशल्याबाई केळझरच्या गणपतीला जातात आणि चंद्रोदयाच्या आत परत येत नाहीत. बाई बसमध्ये बसल्या आणि इकडं डबा देवघरातून उचलून दिवाणावर आला. अंघोळीचा विषय निघाला नाही. शेजारी चिवड्याची थाळी होती. नीलेशनं पेनड्राइव्ह लावला, थोडं टाइप केलं आणि काकाला समजावलं, "नवी सिस्टीम आधी मशीन तपासते. मी त्या तपासणीवालीलेच सांगून टाकलं, बाई, तू तपासू नको."

"अन् ते ऐकते?"

"ऐकते ना. सरळ आत घेते."

भैय्याजी डब्याकडं बघत राहिले. कमिटीच्या वेळेस हा पोरगा कुठं होता, असं त्यांच्या मनात आलं असावं.

संध्याकाळपर्यंत पडद्यावर नव्या सिस्टीमचं निळं फूल उमललं. दोघांनी त्याचा फोटो काढून व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला आणि हरिदासला सकाळी चहाला यायचं सांगितलं. डबा जागच्या जागी गेला. चिवड्याचा एक दाणा त्याच्या जाळीत अडकला, तेवढाच पुरावा. नीलेश मुक्कामाला राहिला.

सकाळी कौशल्याबाईंनी अंघोळ केली, दिवा लावला, बटण दाबलं. निळं फूल बघून त्या थोड्या थबकल्या, पण भूपाळीचं चित्र ओळखीचं होतं. त्यावर दाबलं. पट्टी सरकायला लागली. आवाज नाही. पोथी नुसती ओठांनी वाचणाऱ्या माणसासारखी पट्टी शेवटापर्यंत गेली आणि थांबली.

त्यांनी कूलर बंद केला. परत लावली. परत तेच.

मग त्यांनी रोजच्यासारखा चहा केला, दोघांना नेऊन दिला, आणि हळू आवाजात विचारलं, "नीलेश, आईंचा आवाज कुठं गेला बापू?"

नीलेश कप घेऊन देवघरापर्यंत आला, तिथं काकूंच्या नजरेनं थांबला, कप ठेवला, आत गेला. बऱ्याच खटपटीनंतर बाहेर येऊन म्हणाला, "फाईल सलामत हाय काकू. फक्त नव्या सिस्टीमले या डब्याचा आवाज ओळखता येऊन नाई राह्यला. काल तपासनीवालीले सांगून आत तं घेतली, पन आवाजाचं कंपनीनं या मॉडेलसाठी बनवलंच नाई."

"म्हंजे आई आत हायेत, पन बोलता येत नाई."

"तसंच समजा."

"आईले जमलं नसतं ते," भैय्याजी चहाचा घोट घेत म्हणाले. "अवो, पन दिसते किती छान पाह्य. सगळं गोलगोल."

बाहेर आठ वाजताच ऊन पांढरं झालं होतं. काल चंद्र बघून घेतलेल्या घास-पाण्यानंतर कौशल्याबाईंच्या घशाखाली काही गेलं नव्हतं. घरातल्या दोन पुरुषांच्या हे ध्यानात यायला दुसरा चहा संपावा लागला. मग मात्र दोघंही नेमातून वाट काढायला बसले.

"माह्या फोनवर घेतो ना भूपाळी," नीलेश म्हणाला.

"काल याच फोनवर बोलत बोलत तू आमलेट खाऊन राह्यला होता. मी बसमधून उतरताना पाह्यलं."

"मग माह्या फोनवर," भैय्याजी म्हणाले.

"तुमचा फोन सकाळी तुमच्यासंगं कुठं जाऊन बसते, ते मले माहीत हाय."

भैय्याजींनी फोन खिशात घातला. "बरं, चहा घे. नेम पान्याचा हाय. चहा म्हंजे पानी थोडंच होय?"

"ताकही चालते काकू. नारळपानी तर फळातच येते."

"अन् एका दिवसानं देव काय हजेरी मांडते?" भैय्याजींना आता चांगलाच सूर लागला होता. "आई फोटोत हायेच. फोटोकडं पाह्य, मनात म्हन, झालं. भाव महत्त्वाचा."

दोघांचं बोलून झाल्यावर कौशल्याबाईंनी नीलेशला विचारलं, "तू काल त्या तपासनीवालीले काय सांगितलं म्हने?"

नीलेशनं कौतुकानं पुन्हा सांगितलं. नियम मोडायचा नाही, फक्त जिथं लिहिलेला असतो तिथं एक ओळ आपली टाकायची.

"हे बरं हाय," कौशल्याबाई म्हणाल्या. "मीही टाकते एक. भूपाळी होईपर्यंत पानी नाई, हे होतंच. आता चूलही नाई."

"म्हंजे?" भैय्याजींनी विचारलं.

"म्हंजे चहा नाई, सैपाक नाई. नेम घरचाच हाय, मी एकटीच करत होती." आणि त्या जपमाळ घेऊन देवासमोर बसल्या.

तेवढ्यात हरिदास आला. चपला काढून, हात जोडून, डब्यासमोर बसला. "वा भैय्याजी. माह्या मशीनपेक्षा लहान अन् सिस्टीम तेच." त्यानं फूल पाहिलं, गोल कोपरे पाहिले, मग चहाची वाट पाहिली. चहा काही येईना, तेव्हा वेळ काढायला म्हणून म्हणाला, "काही वाजवून तं दाखवा."

"सध्या शांत मोडवर हाय," भैय्याजी म्हणाले.

"एखादं भजन?"

"बाईचा जप चालू हाय ना."

हरिदास स्वयंपाकघराकडं कान देऊन थोडा वेळ बसला. तिकडूनही शांत मोडच होता. मग तो उठला. "आमच्याकडं या चहाले," जाता जाता तो म्हणाला, आणि ते भैय्याजींना डब्याच्या अपात्रतेपेक्षाही जास्त लागलं.

दहा वाजले. भैय्याजींनी टोपी घातली. "चौकातून तर्रीपोहे खाऊन येतो."

"या ना," कौशल्याबाई माळ न थांबवता म्हणाल्या. "कोनी इचारलं त सांगजा, घरी आज चूल नाई पेटली."

टोपी परत खुंटीवर गेली.

अकराच्या पुढं ऊन माजघरापर्यंत आलं. कौशल्याबाईंचे ओठ सुकून पांढरे दिसायला लागले होते आणि माळ हळू झाली होती. नीलेश कधीचा डब्यासमोर बसून होता. शेवटी खाली मान घालून म्हणाला, "काकाजी, मागं जायचं बटन असते एक. काही दिवस ठेवतात ते. दाबलं की जुनी सिस्टीम परत येते. आवाजासकट."

"हे तुले कधीपासून माहीत?"

"कालपासूनच."

"मग बोलला काऊन नाई?"

"फोटो टाकला ना आपन ग्रुपवर. सत्तर लोकायनं अंगठे देले."

भैय्याजी फुलाकडं बघत राहिले. मागं जायचं म्हणजे हरिदासला काय सांगायचं, हा प्रश्न मोठाच होता. मग देवघरातून कोरडा ठसका आला. अनुसयाबाईंचा नव्हता. कौशल्याबाईंचा होता. पाठोपाठ भैय्याजींच्या पोटातही काहीतरी बोललं. यातल्या कशानं त्यांचं मन वळलं, ते त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही.

"आधी अंघोळ कर," ते नीलेशला म्हणाले. "मग दाब."

डबा खूप वेळ गरगरला. बंद झाला, चालू झाला, परत बंद झाला. मग निळं फूल गेलं आणि जुनी खिडकी आली. पाठोपाठ तीच सूचना: हे यंत्र पात्र नाही. भैय्याजींनी ती घाईघाईनं पुसली. नीलेशनं कूलर बंद केला आणि भूपाळी लावली.

खोकला आला. "सुरू झालं का रे बाप्पा?" आणि मग भर दुपारी, समुद्रपूरच्या त्या तापलेल्या घरात, अनुसयाबाई देवाला झोपेतून उठवायला लागल्या. कौशल्याबाईंनी डोळे मिटले. हातातली माळ थांबली.

"कौशल्या, दूध पाहजो वो."

पहिल्यांदाच त्यांनी मान वळवली नाही. तांब्यातलं पाणी फुलपात्रात ओतलं, भूपाळी संपेपर्यंत हातात धरलं, आणि मग सावकाश, थांबत थांबत प्यायल्या. फुलपात्र पुन्हा भरलं. तेही प्यायल्या.

दोघं पुरुष दारात उभे होते. त्यांची वाट बघणं कौशल्याबाईंना पाठीत कळत होतं. त्यांनी माळ परत उचलली.

"उरलेला जप राह्यला हाय," त्या म्हणाल्या. "आईंनी दुधाचं सांगितलं, ऐकू आलं ना तुमाले?"

भैय्याजी स्वयंपाकघरात गेले. फ्रिज उघडल्याचा आवाज आला, एक भांडं पडल्याचा आला. भांड्यांच्या दुकानदाराच्या घरातलं भांडं, त्यामुळं खणखणीत आला. मग बराच वेळ काहीच नाही.

"अवो," आतून बारीक आवाजात विचारणा झाली, "लायटर कुठं रायते?"