एकेचाळीस दिवसांची माळ

मी तुळशीची माळ बोलतेय. माळ म्हणायचं ते जुन्या सवयीनं. सध्या माझा मुक्काम शिवकामीच्या कंपासपेटीत आहे, कर्कटकाच्या आणि खोडरबराच्या शेजारी. चौपन्न मण्यांतले एक्कावन्नच उरलेत. ही दशा कशी झाली ते सांगते. त्यात माझीही चूक आहे, म्हणून सांगते.

सहा वर्षांपूर्वी कुंभकोणमला देवळाजवळच्या एका दुकानातून सेतुरामनं मला घेतलं. सेतुराम शिंपी, ब्लाउज शिवणारा. घरात पिढ्यान्‌पिढ्या विठ्ठलाची भक्ती आणि मराठी बोली, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. त्याच्या वडिलांच्या गळ्यात जन्मभर तुळशीची माळ होती. सेतुरामच्या गळ्यात मी असायची ती कार्तिकात, एकेचाळीस दिवस. अय्यप्पाच्या डोंगरावर जाणाऱ्यांचं ते व्रत. माळ घातली की काळे कपडे, अनवाणी पाय, पहाटे थंड पाण्याची आंघोळ आणि दारूला स्पर्श नाही. उरलेले सव्वातीनशे दिवस मी देव्हाऱ्यातल्या डबीत असायची आणि सेतुराम दारूच्या दुकानात.

डबीच्या फटीतून थोडंसंच दिसायचं, ऐकू मात्र सगळं यायचं. सकाळी सेतुरामचे हात इतके थरथरायचे की सुईत दोरा जायचा नाही. म्हणून थोरली मुलगी शिवकामी आठ वर्षांची असल्यापासून शाळेत जायच्या आधी दहा सुया ओवून ठेवायची. गिऱ्हाईक ब्लाउज मागायला आलं की सांगायची, अप्पा तिरुविडैमरुदूरला लग्नाला गेलेत. एका वर्षात त्या गावात इतकी लग्नं लागली की तिथं कुणी बिनलग्नाचं उरलं असेल असं वाटत नाही. हसू यायचं मला. पण नऊ-दहा वर्षांची पोर इतकं सफाईनं खोटं बोलते, यात हसण्यासारखं काय होतं?

धाकटी लक्ष्मीप्रिया वेगळी. ती काहीच बोलायची नाही. अप्पांची चप्पल दारात वाजली की बटणांचा डबा घेऊन मशीनखाली जाऊन बसायची आणि रंगांप्रमाणे बटणं लावत राहायची. एकदा लावून झाली की पुन्हा सगळी एकत्र करायची.

पण कार्तिक लागला की घराचा नूर पालटायचा. माळ घातलेल्याला सगळे सामी म्हणतात, म्हणजे स्वामी, देवच; पोटच्या पोरीसुद्धा. सामी कुणावर हात उगारत नाहीत. सामी स्वतः सुया ओवतात, शाळेच्या सभेला जातात, प्रगतिपुस्तकावर सही करतात. शिवकामी वर्षभराचं सगळं साठवून ठेवायची आणि त्या दिवसांत एकेक काढायची. बूट फाटलेत, वर्गात पहिली आले, गणिताच्या बाई तुम्हाला भेटू म्हणतात. सगळं त्या एकेचाळीस दिवसांत बसवायचं, मग घाई होणारच. एकदा लक्ष्मीप्रियानं आईला विचारलं होतं की कार्तिक वर्षातून दोनदा का येत नाही.

आणि मी? मी फुगून गेले होते. डोंगरावरून परतल्यावर जथ्याचे म्होरके, गुरुसामी सुब्रह्मण्य, नारळ फोडून मला उतरवायचे आणि त्याच संध्याकाळी सेतुराम दुकानाच्या रांगेत उभा असायचा, तरी माझा ताठा उतरायचा नाही. माझ्यामुळे एकेचाळीस दिवस तरी मिळतात, असं मला वाटायचं.

गेल्या वर्षी चैत्रात सेतुरामच्या बोटातून मशीनची सुई आरपार गेली. पुढचं मी नंतर घरातल्या बोलण्यातून ऐकलं: पट्टी करताना डॉक्टरांनी त्याचे डोळे पाहिले, हात पाहिले. मग बायकोला, पंकजाला, बाजूला घेऊन सांगितलं की ही वाईट सवय नव्हे, आजार आहे. दाखल करा, औषधं देऊन सोडवू. घरी एकदम बंद करू नका, जिवावर बेतेल. शिवकामी शेजारीच उभी होती.

घरी बैठक झाली. सुब्रह्मण्य हसले. आजारी माणूस एकेचाळीस दिवस थेंब न घेता राहील का, म्हणाले. माळ घातली की सोडतो, म्हणजे मनात आणलं की सुटते. पंकजाला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. नवऱ्याला व्यसनमुक्तीच्या वॉर्डात ठेवलं हे गल्लीत कळण्यापेक्षा तो सामी झालेला बरा. त्या बैठकीत पुरावा म्हणून सगळ्यांनी बोट दाखवलं ते माझ्याकडे.

खरं काय ते मला ठाऊक होतं. मी त्याच्या छातीवर असायची. दर कार्तिकाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत ती छाती कशी धडधडायची, घामानं मी कशी भिजायची आणि दर वर्षी ते कसं वाढत चाललं होतं, हे मी सोडून कोण सांगणार? पण माळेला तोंड कुठलं.

गेल्या कार्तिकाचा तिसरा दिवस. सकाळची पूजा चालू होती, सात-आठ सामी जमले होते. सेतुराम दोन रात्री झोपला नव्हता. एकाएकी तो थरथरायला लागला. कोपऱ्याकडे बघून मेलेल्या वडिलांशी बोलू लागला, अंगावरचे नसलेले किडे झटकू लागला. अंगात सामी आले, असं कुणीतरी म्हणालं. झालं, घंटा वाजल्या, कापूर पेटला, पंकजानं हात जोडले. शेजारच्या गोमतीमामींनी मुलाच्या नोकरीचं विचारून घेतलं.

मग मशीनखालून लक्ष्मीप्रिया बाहेर आली, बापासमोर हात जोडून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "सामी, माझे अप्पा बरे कधीं होतील?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिला ओळखलं नाही. आणि तो कोसळला. हातपाय झटके देऊ लागले. मी त्याच्या दंडाखाली अडकले आणि गळ्याभोवती आवळले गेले. मला सुटायचं होतं, पण मणी काय करणार? कुणी हात लावेना. व्रत पुरं होण्याआधी माळ काढणं पाप, आणि काढायची तर ती गुरुसामींनीच. सुब्रह्मण्य मंत्र म्हणत होते.

शिवकामीनं कापडाची मोठी कात्री उचलली, मला कापलं आणि बापाला कुशीवर वळवलं.

"हे सामी नव्हेत, अम्मा," ती म्हणाली. "डॉक्टर बोलला होता तेंच झालें. आधीं गाडी बोलाव."

मी जमिनीवर विखुरले. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या उपयोगी पडले, ती तुटून.

सेतुराम वाचला. इस्पितळाच्या व्हरांड्यात शिवकामी माझे मणी मुठीत घेऊन बसली होती. तेव्हा ती आईला जे बोलली ते मला विसरता येत नाही. "डॉक्टरचें मजही ठाऊक होतें, अम्मा. पण मज ते एकेचाळीस दिवस पाहिजे होते. म्हणून मी गप्प राहिलें."

पंकजानं तिला जवळ ओढलं आणि दोघी रडल्या. माझंही तेच होतं. मलाही ते दिवस हवे होते.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. महिनाभर वॉर्ड, मग गोळ्या, दर आठवड्याला समुपदेशन. पोंगलनंतर सेतुराम एकदा घसरला, तेव्हा पंकजाच त्याला बसमध्ये बसवून पुन्हा घेऊन गेली. गल्लीत कळलं. कळू दे, म्हणाली.

तुमच्या घरी कुणी असा असेल तर माझं एवढं ऐका. मला श्रद्धेनं गळ्यात घाला, मी आनंदानं राहीन. पण औषधाचं काम माझ्यावर टाकू नका. मला ते येत नाही, आणि येतं असा आव आणून मी दोन पोरींची पाच वर्षं घालवली.

यंदाचा कार्तिक परवा लागला. सुब्रह्मण्य नवी माळ घेऊन आले होते. सेतुरामनं हात जोडले आणि बुधवारी दवाखान्याची तारीख आहे, एवढंच सांगितलं. ते गेल्यावर त्यानं शिवकामीकडे कंपासपेटी मागितली. मशीनपाशी बसून सुई घेतली आणि मला ओवायला लागला. हात अजून थोडे थरथरतात. दोरा दोनदा हुकला. शिवकामीचा हात सवयीनं पुढे आला.

"नको," तो म्हणाला. "तूं पुष्कळ ओविलेंस. तूं अभ्यास कर."

तिसऱ्यांदा दोरा गेला. काल चार मणी झाले, आज आणखी तीन.