ग्रीन टी, दिवसाला चार कप

माझ्या नवऱ्याला, योगेशला, एखादी गोष्ट आवडली की ती दुसऱ्याच्या गळी उतरवल्याशिवाय चैन पडत नाही. २०१० साली त्याला ग्रीन टी आवडला. हिंजवडीतल्या कंपनीत फुकट मिळायचा, म्हणूनही असेल. त्याच सुमारास त्याच्या आईला, सत्यशीलाबाईंना, मायलोमा निघाला. हाडांच्या मगजात सुरू होणारा कॅन्सर. विश्रांतवाडीच्या आमच्या फ्लॅटमधून त्यांचा दुधाचा, भरपूर साखरेचा चहा त्याच आठवड्यात हद्दपार झाला.

वर्ध्याच्या बाई त्या. ग्रीन टीचा घोट घेतला की त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. पण पोटच्या पोरानं स्वतः करून दिलेला कप त्या तळापर्यंत रिकामा करायच्या, दिवसातून चारदा. मला राग यायचा आणि मी गप्प बसायचे. मायलेकांच्या मध्ये पडून आजवर कोणाचं भलं झालंय?

इंजेक्शनं सुरू करताना डॉक्टर देवस्थळींनी नीट समजावलं होतं. पेशीतल्या खराब प्रथिनांवर युबिक्विटिनची चिठ्ठी लागते. चिठ्ठी लागलेला माल तोडायला पेशीत एक यंत्र असतं. "उरुळीच्या लोकांनी डेपोवर पुण्याच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या की पेठांत कसे ढीग साचतात, बघता ना? हे औषध तेच करतं, यंत्र बंद पाडतं. कॅन्सरच्या पेशीचा कचरा सगळ्यांत जास्त, म्हणून ती आधी गुदमरते." मी कॉलेजात हेच शिकवते, मला उपमा पटली. मग त्यांनी विचारलं, "दुसरं काही घेता? काढे, पुड्या, आयुर्वेदिक?" आम्ही तिघांनी एका सुरात नाही म्हटलं. चहाला कोण औषध म्हणतं?

चार महिन्यांनी रिपोर्ट आला. रक्तातलं नको ते प्रथिन निम्म्यावर यायला हवं होतं, ते तसूभरही हललं नव्हतं. डॉक्टर कागद उलटसुलट करत राहिले.

"पथ्य पाळता ना?"

"एकदम," योगेश म्हणाला. "दुधाचा चहा सोडवलाय. दिवसाला चार कप ग्रीन टी, मी स्वतः करून देतो."

डॉक्टरांनी चष्मा काढला. ग्रीन टीतलं एक द्रव्य या औषधाला वाटेतच चिकटतं, मग औषध यंत्रापर्यंत पोचत नाही. निदान प्रयोगशाळेत तरी तसं दिसलंय, असं ते म्हणाले. "आजींच्या बाबतीत तेच झालं, असं मी म्हणणार नाही. कधीकधी औषध मुळातच लागू पडत नाही. पण चहा आजपासून बंद. दोन महिन्यांनी बघू."

योगेश गाडीकडे गेला. हातातली फाइल त्यानं उलटी धरली होती, जिन्यावर कागद सांडत होते. ते मी उचलत गेले. त्याचा मला राग आला नाही, स्वतःचा आला. युबिक्विटिनवर मी वर्गात दोन-दोन तास बोलते आणि घरी चार महिने कप विसळत होते.

आत सगळं ऐकलेल्या आई खाली येऊन बाकावर बसल्या होत्या. मी शेजारी टेकले.

"तू तं शिकवतं न हे," त्या म्हणाल्या. "खरं सांग, त्या चहानंच झालं का?"

मला खोटं बोलवेना. "नक्की कोणालाच सांगता येणार नाही, आई."

त्यांनी फाटकाकडे बघितलं. योगेश गाडीत बसून होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर. गाडी बंदच होती.

"मंग त्याले नक्की सांग," त्या म्हणाल्या. "नाही म्हनून सांग."